पेल्यावरची लाल टिकली

व्यंकटेश सर,

मी तुमच्यावर संशय घेत होते हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला ते माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. तरी आपण दोघं रोज समोरासमोर बसून चहा पीत होतो.

ऑफिसात तुमच्या फोटोला हार घालून झाला. साहेब चांगलं बोलले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, हिला रडू आवरत नसेल. तसं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो शोकसभेत विचारता येत नाही. दर सोमवारी बंद सापडणारी गिरणीच्या संगणकातली ती सेटिंग तुम्हीच बंद करत होतात का?

हे माफीपत्र नाही, सर. संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला लाल इन्सुलेशन टेपचं रीळ दिलंत आणि एक कात्री. मला वाटलं, वायरिंगचं काम असेल. तुम्ही टेपचा नखाएवढा चौकोनी तुकडा नीट कापलात आणि बंद पडलेल्या एका कार्डावर चिकटवलात. म्हणालात, ही टिकली, आता हा संशयित. मी हसले नाही. ओळख नसलेल्या माणसाच्या विनोदाला मी हसत नाही, ही माझी जुनी सवय. तुम्हीही हसत नव्हतात. तुम्ही नियम सांगत होतात. एका गुन्ह्याला एकच टिकली. एकीचा निकाल लागल्याशिवाय दुसरी कापायची नाही. आणि ज्यानं टिकली लावली त्यानं तपासायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं. मी कारण विचारलं.

"संशय घेणाऱ्याला पुरावाच दिसतोय गं," तुम्ही म्हणालात. "दुसरं काय दिसत नाही त्याला."

निर्दोष सुटलेल्या भागावरची टिकली काढली जायची. दोषी भाग टिकलीसकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. त्या डब्याला आपण तुरुंग म्हणायचो. जळालेली कार्डं, मेलेले पंखे, तुटक्या पिना. झाडू मारणाऱ्या मावशीही म्हणायच्या, सर, तुरुंग भरला की तुमचा.

माणसावर टिकली लागलेली मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्यावरच. तुम्ही टॉवेलच्या गिरणीतून फोनवर मला एका यंत्राचा नेटवर्कवरचा नंबर सांगत होतात. शेवटचा आकडा एकोणसत्तर. मी भरला सेव्हन्टी-नाइन. त्या नंबरवर आधीच रंग मोजायचा काटा बसलेला होता, त्यामुळं दोन्ही यंत्रं मुकी झाली. तुम्ही परत आलात, माझ्या कीबोर्डवर टिकली लावलीत आणि नियमाप्रमाणं तपासायचं काम साहेबांवर सोपवलंत. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, एकोणसत्तर म्हणजे किती? मी पुन्हा चूक सांगितलं. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. टिकली काढून म्हणालात, "कॉन्व्हेंट हाय ती. तिला सहा, नऊ असं सुटं सांगायला पाहिजे होतं. चूक माझी."

त्या दिवसापासून तुम्ही मला कॉन्व्हेंट म्हणायला लागलात आणि प्रत्येक आकडा सुटा करून सांगायला लागलात. लोकांना त्यात तुमचा मोठेपणा दिसला. मला पाळत दिसली. एखादा माणूस सगळ्यांसमोर इतक्या सहज 'चूक माझी' म्हणतो, तेव्हा तो खरं काय मनात ठेवतो, असं मला वाटायचं. मी हे कधी बोलले नाही. मी फारसं काहीच बोलत नाही. बघत राहते.

मग गिरणीचं ते काम आलं, आणि आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तुम्ही बोलायचात आणि मी गप्प राहून माझंच करायची.

गिरणीच्या डाईंग खात्यातल्या पॅनेलमध्ये आपला एक औद्योगिक संगणक होता. आपण त्याला डबा म्हणायचो, कारण तो तसाच दिसतो, काळा आणि बिनपंख्याचा. त्यात तुम्ही वर्षांपूर्वी बसवलेलं लिनक्स. टॉवेल रंगवायच्या टाकीचे व्हॉल्व्ह आणि तापमान तेच सांभाळायचं. आता गिरणीला रंग जुळवणारं नवं सॉफ्टवेअर हवं होतं आणि ते फक्त विंडोजवर चालतं. पॅनेलमध्ये दुसऱ्या डब्याला जागा नव्हती. मी सुचवलं की त्याच डब्यात हायपरवायझर बसवू. तो घरमालकासारखा मधोमध राहील, प्रोसेसर आणि मेमरी वाटून देईल. एका खोलीत लिनक्स, दुसऱ्या खोलीत विंडोज, मधे भिंत. साहेबांना पटलं.

तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं एवढंच होतं, "बिऱ्हाडं दोन आणि नळ एक. कुठल्याबी गल्लीत पाणी सुटल्यावर काय होतंय, बघितलंस ना?"

मी म्हटलं, सर, नळसुद्धा वाटून देता येतो. तुम्ही म्हणालात, वाटून देता येतो, भांडण मिटवता येत नाही.

बसवताना सगळ्यात आधी सुरुवातच बिघडली. तुमचं लिनक्स जुन्या पद्धतीनं सुरू व्हायचं, हायपरवायझरला नवी पद्धत लागायची. एकदा तर दोन्हींपैकी काहीच उठेना, नुसता काळा पडदा. तो दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून काढलात. लिनक्सची सुरुवात नव्या पद्धतीनं कशी लिहायची ते तुम्ही बघत होतात, मी टाइप करत होते. संध्याकाळी सुरुवातीच्या यादीत लिनक्स, विंडोज आणि हायपरवायझर अशी तिन्ही नावं दिसली तेव्हा तुम्ही म्हणालात, आता चहा. तेव्हा मला वाटलं होतं, भांडण संपलं.

पण हायपरवायझर उठायला आणखी एक गोष्ट लागते. यंत्र चालू होताना सगळ्यात आधी सेटिंगची जी पानं उघडतात, त्यातल्या दुसऱ्या पानावर प्रोसेसर वाटून देण्याची परवानगी चालू करावी लागते. त्या डब्यात ती मुळात बंद असते. मी ती चालू केली. सगळं चाललं. शनिवारपर्यंत चाललं. सोमवारी परवानगी बंद. हायपरवायझर उठेना, विंडोज मेलेलं, आणि तुमचं लिनक्स मात्र घरमालकाशिवाय एकटंच उठून, काही न झाल्यासारखं टाकी तापवत होतं. मी परत चालू केली. पुढच्या सोमवारी परत बंद.

तुम्ही म्हणालात, "बघ, जुनं बिऱ्हाड कसं मुकाट चाललंय."

सर, तुमच्या जागी कुणीही असतं तरी मी तेच जोडलं असतं. पॅनेलच्या किल्ल्या दोनच, एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. गिरणी तुमच्या घराच्या वाटेवर. बिघाड सुट्टीनंतरच. आणि बिघाड झाला की तुमचंच म्हणणं खरं ठरायचं. साहेबांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे अजून एक-दोनदा झालं तर हायपरवायझर काढून टाकू आणि पुढची अशी कामं तुला नको. तुम्ही तेव्हा दारातच होतात. ऐकलंत की नाही, मला कळलं नाही.

तेव्हा एका शनिवारी मी निघताना पॅनेलच्या दाराला एक दोरा लावला. टॉवेलचाच पांढरा दोरा, दोन्ही टोकांना डिंकाचा थेंब. दार उघडलं तर तुटणार. सोमवारी आपण बरोबरच गेलो. दोरा तुटलेला होता. मी विचारलं, पॅनेलला कुणी हात लावला का? मला 'तुम्ही' म्हणायचं होतं. 'कुणी' म्हटलं.

तुम्ही लोंबणारा दोरा बघितलात. तो काढलात, बोटाभोवती गुंडाळलात आणि शर्टाच्या खिशात ठेवलात. "हात काय, सगळेच लावतात," एवढं बोललात. इरण्णा, डाईंगचा ऑपरेटर, तिथंच उभा होता. तो टाकीकडं वळला. मी परवानगी पुन्हा चालू केली आणि आपण दोन वेगळ्या गाड्यांवरून ऑफिसात आलो.

त्याच्या पुढच्या सोमवारीही सेटिंग बंदच होती, मी ती पुन्हा चालू केली. त्या दिवशी चहाच्या वेळी मी बघितलं, तुमच्या स्टीलच्या पेल्यावर लाल टिकली होती. तो पेला तुमच्या लग्नातला, त्यावर काकूंचं नाव कोरलेलं. त्या नावाच्या खाली टिकली. मी ती नीट बघितली, कारण ती तुमच्यासारखी नव्हती. तुम्ही चौकोन कापायचात, कात्रीनं, सरळ. ही अर्धीच होती, एक कड दातानं फाडल्यासारखी वेडीवाकडी. तुम्ही चहा प्यायलात, माझ्याकडं बघितलंत. मी मॉनिटरकडं बघितलं.

मला तेव्हा वाटलं, हा टोमणा आहे. 'घे, मीच संशयित. कर सिद्ध.' मी काहीच केलं नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी साहेबांचा फोन आला की तुम्ही उठलाच नाहीत.

सर, आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. तुम्ही गेल्यावर पहिल्या सोमवारी मी गिरणीत गेले तेव्हा सेटिंग चालू होती. त्याच्या पुढच्या सोमवारीही चालू. विंडोज उत्तम, लिनक्स उत्तम, दोन्ही बिऱ्हाडं नांदत होती. साहेब म्हणाले, शेवटी जमवलंस. मी थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. माणूस गेला आणि बिघाडही गेला. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय असतो? मला तो पुरावा नको होता. रडायचं तर मोकळेपणानं रडायचं होतं.

तुमचं सामान घरी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. शहराच्या पूर्व भागातली तुमची गल्ली मी पहिल्यांदाच बघितली. शेजारच्या घरात माग चालू होता, त्या आवाजात काकूंचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला आत घेतलं. "ये अम्मा, बस." पिशवीतल्या वस्तू एकेक करून काढल्या. चष्मा, टेस्टर, टेपचं रीळ. पेला हातात घेऊन त्या थांबल्या.

"ह्याला लाल काय लावलंय? घासून काढू का?"

मी पटकन म्हटलं, "नको काकू. ते ऑफिसचं आहे."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं त्यांनी. पोरीनं दाराला दोरा बांधलाय म्हणाले. मला पकडायला."

मी विचारलं, रागावले होते का?

"राग कशाचा? जेवताना हसायले होते. बरोबर चाललीय म्हणाले, संशय घ्यायला यायलंय तिला." काकूंनी पेला पदरानं पुसला, टिकली सोडून. "मग हसायचं थांबले. मग गपच बसले."

त्या हे माझ्या समाधानासाठी सांगतायत का, असा संशय मला तिथंही आला. पण शेवटचं वाक्य कुणी कुणाच्या समाधानासाठी बनवत नाही. मी पेला परत मागून घेतला. म्हटलं, तपासून आणून देते. काय तपासून, ते त्यांनी विचारलं नाही.

आठवडाभर पेला माझ्या टेबलावर होता. शनिवारी संध्याकाळी मी गिरणीतून निघत होते. इरण्णा पॅनेलपाशी घुटमळत होता. तो अक्कलकोटकडचा, यंत्राशी कन्नडमधून बोलतो आणि माणसांशी मराठीतून. म्हणाला, "मॅडम, मेन पाडू का? सर असताना दर शनिवारी तेच पाडायचे की. आता कोण पाडंना झालंय, तसंच चालू हाय."

मी विचारलं, कुठला मेन?

त्यानं पॅनेलच्या बाहेरच्या अंगाला, दाराजवळचा मोठा स्विच दाखवला. पूर्वी कधी तरी सुट्टीच्या दिवशी वीज कमीजास्त होऊन तुमचा एक डबा जळला होता म्हणे. तेव्हापासून शनिवारी घरी जाताना तुम्ही इथं थांबायचात, दार उघडून लिनक्स नीट बंद करायचात, मेन खाली ओढायचात, पॅनेलला हात लावून तो हात कपाळाला लावायचात आणि जायचात. सोमवारी आल्यावर इरण्णा मेन वर करायचा. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या लेखी ते काम नव्हतंच, जाता जाता देवळात डोकावावं तसं होतं. मी इरण्णाला म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, तुम्ही कुटं विचारलं?

खरंच, मी 'कुणी हात लावला का' असं विचारलं होतं. मेन कुणी पाडला, हे विचारलं नव्हतं.

मी लिनक्स बंद केलं, तुमचा मेन खाली ओढला आणि घरी गेले. सोमवारी इरण्णानं तो वर केला. मी पानं उघडली, आणि या वेळी पहिल्यांदाच पहिलं पान वाचलं. तुम्ही किती वेळा सांगितलं होतं, थेट दुसऱ्या पानावर उडी मारू नको, पहिलं वाच की गं. पहिल्या पानावर तारीख असते. ती कित्येक वर्षं मागं गेली होती, डबा कारखान्यातून निघाला त्याच्याही आधीच्या साली. दुसऱ्या पानावर परवानगी बंद. सगळं पुसून मूळपदावर.

आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तारीख आणि सेटिंग तोच लक्षात ठेवतो. तो मेला होता. आठवड्यात वीज गेली तरी पॅनेलला बॅटरीचा आधार असतो, म्हणून काही बिघडत नव्हतं. मेन पाडला की तो आधारही सुटायचा. आणि लिनक्स उठल्याबरोबर गिरणीच्या सर्व्हरकडून वेळ घेऊन घड्याळ मुकाट दुरुस्त करून टाकायचं, म्हणून इतर कुठंच माग राहत नव्हता. म्हणजे हात तुमचाच होता, सर. बेत तुमचा नव्हता.

मी त्या जुन्या तारखेकडं बघत राहिले. त्या तारखेला मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये असेन, आणि तुम्ही कुठल्या तरी पॅनेलसमोर उभे असाल.

मग सेल बदलायला डबा उघडला. सेलवर लाल टिकली होती.

अर्धी. एक कड दातानं फाडल्यासारखी.

मी नवा सेल बसवला, जुना बरोबर घेऊन गिरणीतून ऑफिसात आले, पेला घेतला आणि तशीच तुमच्या घरी गेले. काकूंनी विचारलं, झालं का गं तपासून? मी हो म्हटलं. पेल्यावरचा तुकडा नखानं काढला आणि सेलवरच्या तुकड्याशेजारी धरला. वेड्यावाकड्या दोन्ही कडा एकमेकींत बसल्या. टिकली एकच होती. नियम तुम्ही मोडला नव्हता. संशयित एकच, फक्त तो दोन जागी होता. हातात आणि सेलमध्ये. दोरा सापडल्यानंतरच्या त्या शनिवारी मेन पाडून तुम्ही डबा उघडला असणार, सगळं ओळखलं असणार, आणि मग तुमचा शेवटचा नियम आड आला असणार. लावणाऱ्यानं तपासायचं नाही. तपासणारी मीच उरले होते.

तुम्ही चहा पिताना माझ्याकडं बघितलंत तो टोमणा नव्हता. काम सांगत होतात.

पण एक संशय माझ्याकडून सुटत नाही, आणि तो तपासायला आता दुसरं कुणी नाही. तोंडानं का नाही सांगितलंत? एक वाक्य पुरलं असतं. मी शिकावं म्हणून थांबलात, की त्या दोऱ्यानं तुम्हाला लागलं होतं म्हणून? काकू म्हणाल्या, तो शर्ट धुवायला टाकताना खिशात दोरा निघाला. तुम्ही तो फेकला नव्हतात. हे कुठल्या बाजूचा पुरावा आहे, मला ठरवता येत नाही. संशय घेणाऱ्याला पुरावाच दिसतो, हे तुम्हीच सांगून ठेवलंय.

सेल तुरुंगात टाकला. पेला काकूंकडं आहे, टिकलीच्या जागी डिंकाचा डाग राहिलाय. त्या म्हणाल्या, चिंचेनं घासला की जाईल. मग म्हणाल्या, असू दे.

परवा शनिवारी मेन मीच पाडला. इरण्णा म्हणाला, सर नमस्कार पण करायचे. मी हात लावला पॅनेलला. अजून ऊब होती. आज सोमवारी आधी पहिलं पान उघडलं. तारीख बरोबर होती, आजची.